एकोणतीस

रबाळ्याच्या रात्रकॉलेजात मी प्रयोगशाळेचा परिचर.
काचेची भांडी धुतो, फुटली की वहीत नोंदवतो,
कोणाच्या हातून, ते लिहीत नाही.

आज बारावीच्या उल्का मढवीने लायटर आणला,
बापाच्या खिशातला, निळा, पानपट्टीवरचा.
तोलला. बादलीत बुडवून
उलट्या मोजपात्राखाली धरला, अंगठा दाबला,
बुडबुडे चढत गेले शंभराच्या खुणेपर्यंत.
लायटर पुन्हा तोलला. वजाबाकी केली.
दाब भिंतीवरून घेतला, तापमान बादलीतून : सत्तावीस.
वस्तुमान गुणिले आर गुणिले टी,
भागिले पी आणि व्ही.
उत्तर बावन्न.
पुस्तकात अठ्ठावन्न.

म्हणाली, काका, गॅसच भेसळीचा असणार.

गॅसला नावं ठेवू नकोस, आधी लायटर पूस.
चाकाच्या दातांत पाणी अडकलंय, तेही तोललंस तू.
शिवाय आत एकटा ब्युटेन नाही,
पाण्याची वाफ न विचारता येऊन बसलीय,
भाडं न देणाऱ्या पाहुण्यासारखी.
तिचा दाब वजा कर.

तिने लायटर झटकला, फुंकला, ओढणीने पुसला,
खिडकीत ठेवून दिला. पुन्हा सगळं पहिल्यापासून.
शून्य पूर्णांक तेवीस ग्रॅम.
एकोणसाठ!
आणि मग सहज विचारलं,
एकोणसाठ म्हणजे जड की हलका?

कशापेक्षा, असं मी म्हणालो
आणि तिथेच अडलो.

हवेपेक्षा. हवा एकोणतीस.
खोली सारखी, दाब सारखा, उकाडा सारखा,
तर रेणूही सारखेच मावतात, जात कुठलीही असो.
फरक उरतो तो वजनाचा.
अमोनिया सतरा. उल्काचा बाप तुर्भ्याच्या बर्फकारखान्यात,
तो सांगतो, सुटला की छताकडे जातो, आपण वाकून पळायचं.
क्लोरीन एकाहत्तर. तो पायाशी येतो, तेव्हा जिना गाठायचा.
हायड्रोजन सल्फाइड चौतीस.

चौतीसातून एकोणतीस गेले, पाच.
पाचच.

तेवढ्यावर तो नेरुळच्या एका सोसायटीच्या टाकीत
झाकणाखाली, तळाशी, दबा धरून होता,
आणि माझा धाकटा भाऊ हणमंता दोर न बांधता उतरला.
आधी सडक्या अंड्यांचा वास आला, म्हणून शिडीवर थांबला.
मग वास गेला.
वास गेला म्हणजे गॅस गेला, असं त्याला वाटलं.
गेलं होतं ते नाक.
ठेकेदार वरून हाका मारत होता, एकोणतीसात उभा राहून.

मी तेव्हा इथेच होतो, याच बेसिनपाशी.
फळ्यावर हेच सूत्र होतं.
सर लिहून जातात, पुसायचं मी.
किती वेळा वाचलं असेल पुसताना,
घरी कधी नेलं नाही.
फळ्यावरचं घरी कोण नेतं?

काका, चुकीचं कारण काय लिहू?
उल्का पेन घेऊन बसली होती.
बावन्न कसं आलं, तेवढंच लिहायचं होतं तिला.
लिही, म्हटलं, लायटर ओला होता.
वाफ धरली नव्हती.
आणि घाई.
'घाई' लिहू नको, मॅडम खोडतील.

ती गेल्यावर मोजपात्र पाण्यातून काढून सरळ केलं.
काहीच दिसलं नाही, दिसत नसतंच.
एकोणसाठाचा तो, पुस्तकात अठ्ठावन्न,
ओट्यावरून उतरून फरशीवर पसरला असेल.
खिडकीचा उपयोग नव्हता.
मी दार उघडलं,
आणि उंबऱ्यापासून झाडायला घेतलं.