पाटी

ग्रिम्सबीत सकाळी आठ वाजता
वाऱ्याला मासळीचा वास असतो, बर्फात दाबलेला.
शिडीवर चढून डेरेक स्टॅनिफर्थ
शाळेची पाटी उतरवतो आहे.
सहा स्क्रू, त्यातले दोन गंजून बसलेले.
'तेहतीस वर्षं मीच पुसत आलो हिला,' म्हणतो,
आणि मी खालून शिडी धरून उभी.

'क्लेपिट लेन सेकंडरी स्कूल'
आता त्याच्या काखेत.
नव्या पाटीवर लेन नाही,
एक निळं दीपगृह आहे
आणि एक शब्द : ट्रस्ट.
ट्रस्ट म्हणजे विश्वास, हे मी सातवीत पाठ केलं होतं,
जिल्हा परिषदेच्या शाळेत, तरटावर बसून.

हर्णैच्या पुळणीवर आई लिलावाला उभी राहायची,
पोटऱ्यांपर्यंत पाण्यात.
सुरमईचा भाव सगळ्यांच्या देखत फुटायचा,
ओरडून, बोटं नाचवून, प्रसंगी शिव्या घालून.
कुणी घेतली, कितीला घेतली,
किनाऱ्यावरच्या कुत्र्यालाही ठाऊक.
इथे शाळा गेली तर साधी खोकल्याची आवाजसुद्धा आली नाही.
घरोघर एक पत्र :
'कळवण्यास आनंद होतो'.
आनंद कुणाला, ते लिहायचं राहिलं होतं.

तक्रार मी कोणत्या तोंडाने करू?
मीही अशीच आले.
इकडे गणिताला माणूस मिळेना,
तेव्हा पुण्याच्या हॉटेलात एका एजन्सीने
माझं इंग्रजी ऐकलं, दात मात्र मोजले नाहीत.
नगावर दर ठरला, पापलेटाचा ठरतो तसा.

आता धडे वरून येतात.
नऊ मिनिटं उदाहरण, चार मिनिटं जोडीदाराशी बोला,
हीच स्लाइड, ह्याच मिनिटाला,
ट्रस्टच्या एकोणतीस शाळांत,
त्यातल्या दोन दुबईत.

मंगळवारी, स्लाइड अकरावर, टिलीने हात वर केला.
'मिस चॉगल, ऋण गुणिले ऋण धन का?'
स्लाइडवर नियम होता. का नव्हतं.
मी प्रोजेक्टर बंद केला.
म्हटलं, माझी आई मासे विकायची.
(वर्गात पहिल्यांदाच कुणी मान वर केली,
इथे निम्म्यांचे आजोबा ट्रॉलरवर होते.)
व्यापाऱ्याच्या वहीत तिच्या नावावर तीन उधाऱ्या,
प्रत्येकी चार पौंडांच्या.
समजा, तिन्ही खोडल्या.
चार उणे, तीनदा उणे केले.
आई बारा पौंडांनी वर आली की नाही?
टिली बराच वेळ गप्प बसली, मग म्हणाली,
'पण खोडल्या कुणी, मिस?'

मागच्या बाकावर टॅबलेटवाला माणूस
लिहीत होता : स्लाइड अकरा सोडली.

रात्री निशिगंधाचा फोटो आला.
आमची गावची शाळा, आपली तरटाची,
एका कंपनीने दत्तक घेतली म्हणे.
भिंतींना केशरी रंग, दारावर कंपनीचं नाव,
शाळेचं नाव खाली, बारीक.
आईबाप धडधाकट असताना पोर दत्तक जातं
आणि गावात पेढे वाटतात.
मी उत्तरात अंगठा पाठवला. मग पुसला.

शुक्रवारी डेरेक पार्किंगमध्ये भेटला.
जुनी पाटी कचऱ्याच्या लोखंडी पेटीत टाकायचा हुकूम होता.
'सागवान आहे,' तो म्हणाला, 'फेकतात काय?'
त्याला ती कबुतरखान्याला दार म्हणून हवी होती.
मागची बाजू पाहिली मी, तेहतीस वर्षं भिंतीला लागलेली,
एक अक्षर नव्हतं तिच्यावर.

भरली पाटी आई कधी एकटीने डोक्यावर घ्यायची नाही.
वाटेवरच्या कुणालाही हाक मारायची :
'हात लाव गो.'
डेरेकने व्हॅनचं मागचं दार उघडलं,
एक टोक उचललं,
आणि दुसऱ्या टोकाकडे बघत
माझी वाट पाहत राहिला.