उशाशी

भिंतीवर दोन डाग आधीपासूनच होते.
एक वर, एक वीतभर खाली.
आमच्याआधी इथे राहून गेलेल्यांच्या डोक्यांचे.
तेल बहुधा खोबरेल. वरचा जरा जास्त काळा.

किल्ली देतानाच चुरीकाका म्हणाले,
खिळा मारायचा नाही. रंग मी काढून देणार नाही.
अकरा महिन्यांचा कागद, दोघांच्या सह्या,
कन्नमवार नगर, विक्रोळी पूर्व, दुसरा मजला.

पलंग जोगेश्वरीच्या जुन्या बाजारातला,
डोक्याकडची फळी निखळलेली,
म्हणून तर चार हजारांत सुटला.
सुताराने टेप लावला, पेन्सिल कानामागे ठेवली,
मोबाइलवर आकडा मांडून स्क्रीन माझ्याकडे वळवली,
डॉक्टर रिपोर्ट वळवतात तशी.
अठरा हजार. फोम वेगळा.
दिगंबर म्हणाला, एवढ्यात असे चार पलंग येतात,
सगळे बिनडोक्याचे.

आपल्याकडे त्या फळीला शब्दच नाही नीटसा.
आपण उशाशी म्हणतो,
म्हणजे जागा सांगतो, वस्तू नाही.
उशाशी तांब्या. उशाशी गजराचं घड्याळ.
शेवटच्या आठवड्यात आईच्या उशाशी
आम्ही तिघी, आळीपाळीने.
सुताराला हे काय सांगणार.

आधी मी साडी ताणली,
कपाट आणि भिंत यांच्यात स्प्रिंगचा रॉड दाबून.
मावशीची हिरवी इरकल. दिवसा छान दिसायची.
रात्री पंख्याच्या वाऱ्याने पदर तोंडावर यायचा
आणि दिगंबर दचकून उठून विचारायचा, कोण?

मग फ्रिजच्या खोक्यातलं थर्माकोल,
वर जुनी चादर, मागून टाके.
मऊ होतं. पण चिरकायचं.
आम्ही कूस बदलली तरी
पलीकडे ठोंबऱ्यांना कळायचं.
दोन दिवस वहिनी जिन्यात भेटल्या की
उगाच भाजीचे भाव विचारायच्या.

मे महिन्यात आंब्याच्या पेट्या. वीस रुपयाला एक.
घासल्या, रचल्या, कप्पे झाले,
चष्मा, इनहेलर, त्याचं अर्धं वाचलेलं पुस्तक.
पेंढ्याचा वास मात्र घासून जात नाही.
आठवडाभर स्वप्नात सुद्धा पिकत होतो आम्ही.
मग मुंग्या आल्या.

दार सापडलं ते नंतर.
मागची इमारत पाडत होते, गेटपाशी दारांची चळत,
वॉचमनने तीनशे घेतले.
साधं फ्लशचं दार, सागवान वगैरे काही नाही.
दोन पेट्या ठेवल्या होत्या, त्यांवर आडवं केलं,
पलंग मागे रेटला. पलंगाच्या वजनानेच उभं राहिलं.
खिळा नाही. काका येऊन वाकून बघून गेले.

आतली बाजू आमच्याकडे. कडी तशीच,
माझ्या उजव्या हाताशी.
आयहोल दिगंबरच्या कानाजवळ.
आणि कडेला पेन्सिलीच्या रेघा, तारखांसकट,
कुणाचं तरी पोर उभं करून मोजलेलं.
आडव्या दारावर ते आता
उजवीकडून डावीकडे वाढतं.
शेवटची रेघ माझ्या उशीच्या जरा अलीकडे थांबते.
तिथून पुढे त्याला मोजून घ्यायची लाज वाटली असेल,
किंवा इमारत रिकामी करायची नोटीस आली असेल.
झोप आली नाही की मी कडी सरकवते, उघडते.
आवाज घरी कुणी आल्यासारखा होतो.

अकरा महिने झाले. काकांना भाडं वाढवून हवंय.
पलंग पुढे ओढला, दार बाजूला घेतलं,
भिंतीवर ते दोघे जसेच्या तसे.
दारावर आमचे दोन. माझा वर.
मी एका फडक्याला साबण लावला
आणि तसंच ठेवून दिलं.

खाली टेम्पोवाला सामान मोजत होता,
पलंग, कपाट, पेट्या, गॅस.
दाराशी येऊन थांबला.
ये भी? नये घर में दरवाजा नहीं है क्या?
दिगंबरने माझ्याकडे पाहिलं.
म्हटलं, आहे. हे उशाला.