चादरींचा हिशेब

पुंता अरेनासला वारा असा, की चौकाचौकात दोर बांधतात,
माणसांनी धरून रस्ता ओलांडावा म्हणून.
त्या गावच्या इस्पितळाच्या तळघरात
मी धुलाईखात्याचा मुकादम, नोल्बेर्तो ओयार्सो,
आणि माझ्या नावावर सहा वर्षं एकच तक्रार:
चादरी पुरत नाहीत.

पहिल्या वर्षी मी यंत्राला दोष दिला.
दुसऱ्या वर्षी रात्रपाळीच्या एदुविनाला.
ती काही बोलली नाही. इस्त्रीच्या वाफेत
तिचा चेहरा आधीच पुसट होता.
मग संचालिकाबाईंनी चारशे नव्या चादरी मागवल्या,
बोटीने आल्या, करकरीत, काठाला निळी रेघ.
महिनाभर सगळं सुरळीत.
मग पुन्हा फोन: तिसरा मजला, पाचवा मजला, बाळंतिणींचा कक्ष.
चारशे चादरी, आणि बुडाला भोक पडलेला रांजण.

मग कपाटांना कुलपं.
वहीत सही केल्याशिवाय चादर नाही.
टंचाई दुप्पट झाली.

जूनमध्ये आमच्याकडे सकाळी दहाला उजाडतं.
अशाच एका लांबलेल्या रात्री गाडा ढकलत मी स्वतः वर गेलो.
खरं सांगायचं तर ओरडायलाच निघालो होतो,
लिफ्टमध्ये वाक्यं जुळवत.
पण पाचव्या मजल्यावर सिस्टर सुनिल्दा
एका म्हाताऱ्याखालची ओली चादर काढत होती,
आणि कोरडी तिने ओढली
रिकाम्या ऑक्सिजन सिलिंडरच्या मागून.
किती आहेत तिथे?
ओरडणार नसाल तर सांगते.
अठ्ठावीस.
छताच्या फळीवर बारा. तिच्या कपाटात, गमबुटांखाली, सहा.
"तुम्ही वेळेवर देत नाही, म्हणून."
आणि मी वेळेवर देत नव्हतो,
कारण चादरी तिच्या गमबुटांखाली होत्या.

खाली येऊन मैल्या कपड्यांच्या पिशवीवर
खडूने लिहिलं: टंचाई.
त्यातून बाण: भीती.
त्यातून बाण: लपवणं.
पुढचा बाण कुठे न्यावा म्हणून जागा शोधत राहिलो,
तर एदुविनाने माझ्या हातातून खडू घेतला
आणि रेघ वळवून पहिल्या शब्दाला नेऊन टेकवली.
"मग चोर कुठे लिहायचा?"
ती म्हणाली, जागाच नाही उरली.

कुलपं काढली. वही बंद.
पाळी सुरू व्हायच्या आधी भरलेला गाडा दारात,
ना मोजणी, ना सही.
पहिला आठवडा वाईट गेला. ज्याने त्याने हाती लागेल तेवढं नेलं.
संचालिका मिलेन्काबाई फोनवर: पाहिलंत?
मी म्हणालो, थांबा.
म्हणालो, बाई, गरम पाण्याच्या नळासारखं आहे हे.
आत्ता फिरवला तरी पाणी तीन मजले चढून यायचंय,
अधीर माणूस तेवढ्यात उलटा फिरवतो.
हे वाक्य एदुविनाचं. मी माझं म्हणून खपवलं.

तिसऱ्या आठवड्यात चादरी परत यायला लागल्या.
कुणी काही कबूल केलं नाही.
नुसत्याच येत होत्या, रबराचा वास घेऊन, घडीवर धूळ,
काहींच्या काठाला ती निळी रेघ,
एकदाही न उलगडलेली.
एदुविना त्या यंत्रात भरत होती.
मी तिच्याशी त्या दुसऱ्या वर्षाबद्दल
काहीतरी बोलायला गेलो.
यंत्राचा आवाज मोठा होता.
ती म्हणाली, हे टोक धरा.
धरलं.
कुणीच बोललं नाही, चादर मात्र सरळ झाली.

सकाळी, म्हणजे अंधारातच, हजेरी लिहायला
मी माझा खण उघडला.
आत नऊ पेनं.
भांडारातून मागितल्यावर मिळत नाहीत, म्हणून.
आठ उचलली, परत करायला निघालो.
जिन्यात थांबून
दोन पुन्हा खिशात टाकली.