चारपेडी

सुभाषनगरात आमच्या घरी दोन वेण्या असत.
एक चामड्याची, आईच्या मांडीवर,
दिवसाला बारा जोड, कधी चौदा.
दुसरी माझी,
आईचा हात मोकळा होईपर्यंत सुटलेलीच.

आबा कातडं कापायचे. रापी त्यांची,
चप्पल लाईनीतल्या पाटीवर नाव त्यांच्या वडलांचं.
वेणी घालणं बायकांचं.
तसं कुणी सांगितलेलं नव्हतं,
मीठ कुठल्या डब्यात असतं
तसं ते घरात ठाऊक होतं.

दिनूच्या वेळी सातवा महिना,
आईच्या बोटात आरी घुसली.
नख काळं पडलं, ऑर्डर थांबली नाही,
पुण्याचं कुठलं लग्न, नऊ डझन.
माझी शाळा सातची.
आबांनी दाराला आतून कडी घातली
आणि म्हणाले, बस.

त्यांना तीन पेड येत नव्हते.
आईचे हात बघून बघून जे डोळ्यांत बसलं होतं
तेच बोटांत उतरलं:
चार पेड, कापशी जोडाचे,
पाणी लावून ताणलेले,
भुवया वर चढतील इतके घट्ट.
कडी काढायच्या आधी खाकरले.

वैजू म्हणाली, कसली गं ही वेणी, कुणी घातली?
आईनं, मी म्हटलं.
फुलाक्कानं विचारलं तेव्हा
आईही म्हणाली, मीच की.
बोटाला चिंधी तशीच.

रात्री ती वेणी सोडायची,
पण आधी परत आलेल्या मालासारखी
उलटीसुलटी करून बघायची.
"हितं पेड दबलाय,"
आबांकडं न बघता.
दुसऱ्या दिवशी तिथं दबलेला नसायचा.

बोट बरं झालं. कडी मात्र
मी दहावी होईपर्यंत रोज लागत राहिली.

माझे केस आता मानेच्या वर.
मे महिन्यात गेले तर
आई पायरीवर, बोटं न वळणारी, पदरात ठेवलेली,
मागं आबा, दातांत काळी रिबन,
दार सताड उघडं,
गल्लीतून पोरं सायकली हाणत चाललेली.
मला बघून त्यांचे हात थांबले.
खाकरले.

"ढिली घाला की," आई म्हणाली,
"चामडं न्हवं ते."