अधिक

खडू मीच आणला होता,
पालिकेच्या शाळेतून, चौथी ब,
शर्टाच्या घडीत लपवून.
होटगी रोडवरच्या त्या बंगल्यात
टाइपरायटर होता, बर्फाचं कपाट होतं,
खडू तेवढा नव्हता.

सहा जानेवारी.
गड्ड्याचे पाळणे अजून उभे राहायचे होते,
आणि लोहमान साहेब,
जे गिरणीत नवे माग बसवायला आले होते
आणि माझ्या बापाला ‘फेंकाया’ म्हणायचे,
चहाच्या खोक्यातल्या चांदीचा तारा
बांबूच्या टोकाला सुतळीनं आवळत होते.

राजे तीन लागतात.
त्यांची मुलं दोन.
म्हणून बापाचा डबा घेऊन आलेला मी
तिसरा.

तिसरा राजा काळा असतो, उवे म्हणाला,
आमच्या गावात दरवर्षी कुणीतरी तोंडाला काजळी फासतं.
त्याच्या आईनं बाटलीचं बूच मेणबत्तीवर धरून
जाळून ठेवलं होतं.
ते घेऊन ती माझ्याकडे वळली,
आणि थांबली.
मग बूच बशीत परत ठेवलं, हलकेच,
फार गरम असल्यासारखं.
कुणी काही बोललं नाही.
मी चादर खांद्यावर ओढून घेतली,
बापानंच विणलेली, मोरांची,
कडेला ताणा तुटला म्हणून बाजारात न गेलेली.

मुकुट कानांवर घसरत होता.
गाणं येत नव्हतं, नुसतं तोंड हलवत
बिर्गिटच्या मागून चालत राहिलो.
रखवालदार मशाकचाचा शेकोटीवरून उठला.
‘काय बे नरसय्या, राजा का तू?’
डब्यात दहा पैसे टाकले, वर मूठभर शेंगा.
डब्यातलं गरिबांसाठी आहे, बिर्गिटनं बजावलं.
गरीब म्हणजे कोण, मी विचारलं नाही.

मग साहेब स्टुलावर चढले
आणि माझ्या खडूनं दाराच्या दगडी चौकटीवर लिहिलं:
एकोणीस, अधिक, एक इंग्रजी अक्षर,
अधिक, दुसरं, अधिक, तिसरं,
अधिक, एकाहत्तर.
‘ते अधिक नाही, क्रूस आहेत,’ उवे म्हणाला,
‘घर राखतात वर्षभर.’
ते कळलं. आमच्या चौकटीवर हळदीची बोटं असतात.
पण एवढी बेरीज मांडून
उत्तर कुणीच का लिहीत नाही,
ते काही कळलं नाही.

शेवटी केक.
त्यात वालाचा एक दाणा लपवलेला असतो,
ज्याच्या तुकड्यात निघेल तो दिवसभराचा राजा.
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.
दाताखाली आला तेव्हा वाटलं, खडा.
निवडताना राहिला असेल, बाई ओशाळतील,
म्हणून गिळून टाकला.

तिघं शेवटच्या कणापर्यंत
एकमेकांच्या बशीत बघत राहिली.
त्या वर्षी राजा कुणीच झालं नाही.

पावसाळ्याआधी ती माणसं गेली.
पुढे गिरणीही गेली,
मागही भंगारात, किलोवर.

परवा त्या बंगल्यात बोअरची मोटार बघायला गेलो.
पोर्चच्या सावलीत, दारावर,
फिकट, पण आहे.
नवे मालक म्हणाले, लाइटवाल्यांनी कधी लिहून ठेवलंय,
दिवाळीला पुसू पुसू म्हणतो, राहूनच जातं.

मी पाना पुसत होतो.
राहू द्या, म्हटलं.
नंबर असेल कसला तरी.