सहा साधे सेल

चांदवडच्या डोंगरांवर अल्टरनेटर गेला
तेव्हा आधी काहीच झालं नाही.
इंजिन चालू, पंखा फिरतोय,
खाली द्राक्षबागांवर पांढरी जाळी अंथरलेली.
थोड्या वेळानं बॅटरीही संपली,
आणि कानातला माणूस
वाक्याच्या मधेच उठून गेला.

ओझरला तीनदा हाक मारली.
तिसऱ्यांदा माझा आवाज
मला फक्त हाडांतून ऐकू आला.

मग घिरट्या.
मनोऱ्याच्या काचेवर डोळे रोखून
हिरव्या दिव्याची वाट पाहणं.
दिवा लागला, उतरले, चहाही प्यायले.
ती अकरा मिनिटं कुठं ठेवायची
ते मात्र अजून सुचलेलं नाही.

म्हणून रविवार कारंजाच्या मागे,
जिन्याखालच्या दुकानात, क्षेमकल्याणींकडे.
पस्तीस वर्षं कारखान्यात त्यांनी विमानांचे रेडिओ उघडले,
आता टीव्हीचे रिमोटही उघडतात,
त्याच चष्म्यानं, तितक्याच अदबीनं.

त्यांनी काउंटरवर तीन मांडले.
पहिल्याचा पडदा रंगीत, पोटात अख्खा नकाशा.
"हुशार आहे," ते म्हणाले,
"पण याचा डबा सीलबंद.
सहा महिने बॅगेत विसरलात तर उपाशी मरेल
आणि मेल्याचं कळवणार नाही."
दुसरा पाण्यावर तरंगायचा.
"गंगापूर धरणात उतरायचा विचार आहे?"
नाही म्हटलं.
"मग तरंगण्याचे पैसे कशाला भरता?"

तिसरा जाड, काळा, वीट म्हणावी असा.
मी सातपूरला प्रेशर गेज बनवते,
बोजड वस्तूंशी माझं बरं जमतं,
तरी उचलताना मनगट जरा कुरकुरलं.

"आता डोळे मिटा," ते म्हणाले.
टेबलफॅन कानाशी आणून फुल केला,
स्कूटरचे हातमोजे दिले.
"लावा एकशे एकवीस दशांश पाच."
पहिल्यावर माझा अंगठा घसरला
आणि रेडिओनं मला भाषा निवडायला सांगितली.
तिसऱ्यावर एकच बटण, उठावाचं,
दाबून धरलं
आणि आणीबाणीची वाट उघडली.
डोळे मी जरा उशिरानंच उघडले.

हेडसेट कसा जोडायचा, विचारलं.
त्यांनी खणातून वीतभर वायर काढली.
"ही विसरलात तर इंजिनाच्या आवाजात याचा भोंगा म्हणजे
कुंभमेळ्यात रामकुंडावर
हरवलेल्या माणसाला हळूच हाक मारणं."
रबरी शेपटीवर फार विसंबू नका,
पत्र्याच्या आत ती घुसमटते,
बाहेरच्या अँटेनाला जोडायची सोय करून घ्या,
आणि परवान्याचा कागद आणलाय ना?
आणला होता. त्यांनी तो दोनदा वाचला.

शेवटी एक गोल खुंटी उलटी फिरवली.
जिन्याखाली खरखर भरून आली,
तव्यावर मोहरी पसरावी तशी.
लोक ही आधी बंद करतात, ते म्हणाले.
"तुम्ही दर वेळी निघण्यापूर्वी ऐकत जा.
खरखर आहे तोवर तो जागा आहे."

वीटच घेतली.
सहा साधे सेल लागतात तिला,
सिन्नरच्या टपरीवरही मिळणारे.

मधुकरनं त्या दिवसाबद्दल एक शब्द विचारला नाही.
फक्त दर महिन्याच्या एक तारखेला
चहाच्या डब्याशेजारी सहा नवे सेल असतात,
अजून कागदाच्या वेष्टणात.
जुने काढून तो दिवाणखान्यातल्या घड्याळात घालतो,
बेसिनवरच्या घड्याळात,
सासूबाईंच्या गजराच्या घड्याळात.

माझ्या भीतीनं न वापरलेल्या विजेवर
आमच्या घरी वेळ चालते.
सासूबाई म्हणतात, हल्ली
एकही घड्याळ मागे पडत नाही.