एप्रन

ऐरोलीत, सेक्टर तीनच्या कोपऱ्यावर
कुणी सोफा टाकला होता.
काडी लावून पाहिली:
केस जळाल्याचा वास. अस्सल.
पाठीचं चामडं ब्लेडने सोडवून आणलं.

मशीनची सुई पहिल्याच टाक्याला मोडली.
मग आरी, मेण लावलेला दोरा
आणि अंगठ्याला सायकलच्या ट्यूबचा तुकडा.

माप देताना प्रणोती सारखी हलत होती.
रबाळ्याच्या शेडमध्ये वेल्डिंगला ती एकटीच मुलगी,
कंपनीचा एप्रन पायात येतो.

खांद्याशी माझी सहा भोकं चुकली.
कापड असतं तर पाण्याने बुजली असती.
‘असू दे, वारा लागेल,’ म्हणाली.

घालून उभी राहिली, तेव्हा दिसलं,
कुणाच्या तरी पाठीचा खळगा
अजून आहे त्यात.
तिच्या पोटावर
नेमका बसलाय.